गप्प झालेला विद्यार्थी किती दिवसांत लक्षात येतो? दूरशिक्षणातल्या संपर्काच्या साधनांबद्दल

नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात या वर्षी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र सुरू झालंय आणि तिथले एक तरुण प्राध्यापक केंद्र संयोजक झालेत. त्यांनी विचारलंय: बी.ए. आणि बी.कॉम. मिळून एकशे ऐंशीच्या आसपास विद्यार्थी आहेत, बहुतेक नोकरी करणारे. व्हॉट्सॲप ग्रुप पुरेल, की टेलिग्राम, किंवा गूगल क्लासरूम, मूडल अशी ऑनलाइन वर्ग चालवायची साधनं, यांपैकी काही घ्यावं? ऑनलाइन तास झूमवर घ्यावा की गूगल मीटवर? आणि रात्री साडेअकराला येणाऱ्या मेसेजचं काय करायचं?

सर, मी २००३ पासून ठाण्यात संमंत्रक, म्हणजे अभ्यासकेंद्रावरची शिक्षक, म्हणून शिकवते. सुरुवातीला विद्यार्थ्यांची पोस्टकार्डं यायची, मग लँडलाइनवर फोन, मग एसएमएस, ई-मेल, आणि आता हे सगळं. साधनं बदलत गेली, पण विद्यार्थी सुटण्याची रीत तीच राहिली. तो भांडून जात नाही, प्रवेश रद्द करायला येत नाही. गप्प होतो. एका रविवारी संपर्क सत्राला, म्हणजे केंद्रावरच्या समोरासमोरच्या तासाला, दिसत नाही, मग पुढच्याही, स्वाध्याय (गुणांसाठी घरून लिहून द्यायची उत्तरं) द्यायचा राहतो, आणि परीक्षेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढची सहीची जागा कोरी राहते. म्हणून कुठलंही साधन घेताना मी एकच कसोटी लावते: याच्यामुळे गप्प झालेला विद्यार्थी मला किती दिवसांत कळेल? बाकीच्या सोयी त्यानंतर.

थोडा हिशेब करून बघा. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे ४ श्रेयांकांचा एक विषय १२० तासांचा. त्यातले तुमच्यासमोर बसून होणारे तास अगदी थोडे. उरलेला सगळा अभ्यास रबाळ्याच्या कंपनीतून सुटल्यावर, ठाणे-वाशी गाडीत, पोरं झोपल्यावर स्वयंपाकघरात होतो. तिथे सोबत असतं ते फक्त पुस्तक. मायकेल मूर या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये दूरशिक्षणातले तीन संवाद मांडले: विद्यार्थ्याचा पुस्तकाशी, विद्यार्थ्याचा शिक्षकाशी आणि विद्यार्थ्याचा दुसऱ्या विद्यार्थ्याशी. पहिला आपली छापील पुस्तकं बऱ्यापैकी सांभाळतात. दुसरा आपण सांभाळायचा प्रयत्न करतो. तिसऱ्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं, आणि माझ्या अनुभवात विद्यार्थी टिकतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे.

मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण १९७१ मध्ये सुरू केलं, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ मध्ये आलं, आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. २००४ मध्ये तर शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रहच सोडला गेला. प्रत्येक वेळी शिक्षकाचा आवाज लांबवर पोचवायची सोय आधी झाली, विद्यार्थ्याचा आवाज परत यायची सोय मागे राहिली. आज साध्या फोनवर दोन्ही होतं. पण आपण अजूनही त्याचा वापर बराचसा पूर्वीसारखाच करतो, आपलं सांगण्यासाठी.

व्हॉट्सॲपपासून सुरू करू, कारण तुमचे विद्यार्थी आधीच तिथे आहेत. नवं ॲप घ्या म्हटलं की पहिल्याच दिवशी काही जण मागे राहतात. कुणाच्या फोनमध्ये जागा नसते, कुणाला पासवर्ड आठवत नाही, कुणाचा फोन संध्याकाळी मुलाच्या हातात असतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, तेव्हा तुमचे एकशे ऐंशी सहज बसतील. आणि तसे एकत्र बसवले, तर पहिल्या महिन्यातच ग्रुप निकामी होईल.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. २०१९ साली माझ्याकडे दीडशे जणांचा एकच ग्रुप होता. त्यात एक बाई होत्या, वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम करायच्या. संक्रांतीच्या आदल्या रात्री ११:४० ला त्यांनी लिहिलं, ‘मॅडम स्वाध्याय रेघी कागदावर लिहायचा का कोऱ्या आणि पहिल्या पानावर नंबर कोणता टाकू.’ सकाळी मी फोन उघडला तेव्हा त्या मेसेजवर तिळगुळाची ऐंशी-नव्वद चित्रं आली होती. मी अंगठ्याने सरकवत खाली गेले. तो प्रश्न मला दिसलाच नाही. बाईंनी तो परत विचारला नाही आणि स्वाध्यायही दिला नाही. मार्चमध्ये केंद्रावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.’ घरी आल्यावर मी दोन महिने मागे जाऊन तो मेसेज शोधला. अर्ध्या मिनिटाचं उत्तर होतं: कागद कोणताही चालेल, नंबर कायम नोंदणी क्रमांक. तेवढ्यासाठी त्यांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण गेले.

त्यानंतर मी सूचना आणि शंका कायमच्या वेगळ्या केल्या. सूचनांचा ग्रुप एकच, सगळ्यांचा, आणि त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतील अशी सेटिंग. तिथे आठवड्याला तीन-चारच्या वर मेसेज टाकायचे नाहीत. तारीख, वेळ, ठिकाण, काय आणायचं. त्या ग्रुपची घंटी वाजली की काहीतरी कामाचं आहे, ही सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे. एकदा तिथे सुविचार टाकलात की ती सवय मोडते, मग परीक्षेची तारीखही सुविचारांसोबत न वाचता जाते.

शंकांचे ग्रुप मात्र लहान, पंचवीस-तीस जणांचे. मी ते विषयाप्रमाणे करत नाही, राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे करते. तुमच्याकडे घणसोली-रबाळे, ऐरोली-दिघा, कोपरखैरणे-तुर्भे असे पाडता येतील. कारण सोपं आहे. घणसोलीची मुलगी आणि रबाळ्याची बाई एका ग्रुपमध्ये आल्या की एकीला पुस्तक मिळालं नाही तर दुसरी झेरॉक्स देते, परीक्षेला दोघी एकत्र जातात, आणि एक गप्प झाली तर दुसरीला माहीत असतं की तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे. मूर यांचा तिसरा संवाद जमिनीवर असा दिसतो. विषयाप्रमाणे ग्रुप केलात तर प्रश्नांची उत्तरं लवकर मिळतील, माणसं मात्र एकमेकांना अनोळखी राहतील.

प्रत्येक लहान ग्रुपमध्ये मागच्या वर्षी उत्तीर्ण झालेला एक जण ठेवा. तुमचं केंद्र नवं आहे, म्हणून शेजारच्या केंद्रातून कुणी मिळतो का बघा. दहापैकी सात प्रश्न त्याला येतात, आणि त्याने सांगितलेलं विद्यार्थ्यांना पटतं. प्रश्न विचारताना विषय आणि घटक आधी लिहायचा, एवढा एकच नियम: ‘अर्थशास्त्र, घटक ३, मागणीची लवचिकता कळली नाही.’ उत्तर देताना मूळ मेसेजवर बोट दाबून ‘रिप्लाय’ करायचा, म्हणजे कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते चार दिवसांनी आलेल्यालाही कळतं. हा नियम पाळायला लोकांना तीन आठवडे लागतात. रागावू नका. कुणी नुसतं ‘समजलं नाही’ लिहिलं तर ‘कोणता घटक?’ एवढंच विचारा.

फोन नंबरांचा विषय इथेच सांगायला हवा, कारण नवीन केंद्रावर तो कुणाच्या डोक्यात येत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. माझ्या एका विद्यार्थिनीने ग्रुप सोडला आणि कारण सांगितलं नाही. खूप विचारल्यावर कळलं की ग्रुपमधलाच एक जण रात्री तिला वेगळे मेसेज करत होता. तिने अभ्यासाचीच वाट सोडून द्यायचं ठरवलं होतं. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून ‘कम्युनिटी’ आहे. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. सूचनांसाठी तेच वापरा. लहान ग्रुपमध्ये नंबर दिसणारच, म्हणून प्रवेश घेतानाच प्रत्येकीला विचारा की ग्रुप चालेल की नको. ‘नको’ म्हणाली तर तिला सूचना आणि उत्तरं वेगळी पाठवायची जबाबदारी केंद्राची. एखादीला फक्त बायकांचा ग्रुप हवा असेल तर तोही करा. आणि नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, मोबाइल असा पूर्ण तक्ता ‘आपलं नाव तपासून घ्या’ म्हणून ग्रुपवर टाकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती कृपा करून सुरूच करू नका. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या मुलीचा आधार क्रमांक दीडशे फोनांत पाठवायचा आपल्याला काय अधिकार?

टेलिग्रामचं उत्तर छोटं आहे. ते चांगलं कपाट आहे. २ जीबीपर्यंतची फाइल जाते, चॅनेलमध्ये उशिरा आलेल्यालाही सुरुवातीपासूनचं सगळं दिसतं, नंबर लपवता येतो. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, रेकॉर्डिंगच्या लिंक तिथे ठेवा. बोलायला मात्र तिथे कुणी येत नाही, निदान माझ्याकडे आलं नाही. ई-मेल तर फक्त विद्यापीठाच्या कामकाजासाठी. विद्यार्थ्याचा ई-मेल पत्ता बहुतेक वेळा सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरताना काढलेला असतो आणि त्याचा पासवर्डही त्यालाच माहीत असतो. प्रवेशाच्या दिवशीच तो विद्यार्थ्याच्या समोर बदलून घ्या.

क्लासरूम की मूडल, हा प्रश्न कॉलेजात वाद होण्याइतका मोठा होतो. मूडल २००२ पासून आहे, फुकट आहे, आणि माझ्या कसोटीला तेच सगळ्यात चांगलं उतरतं. विद्यार्थ्यांच्या यादीत प्रत्येकाच्या नावासमोर तो शेवटचा कधी आला होता ते दिसतं. ‘४६ दिवस’ असं एका नावासमोर दिसलं की त्या संध्याकाळी कुणाला फोन करायचा ते ठरलं. पण मूडलला सर्व्हर लागतो आणि सांभाळणारा माणूस लागतो. असा माणूस कॉलेजात पगारावर नसेल तर मूडल घेऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत ते बंद पडेल आणि स्वाध्यायाची मुदत नेमकी तेव्हाच संपत असेल. गूगल क्लासरूमला असं काही लागत नाही, स्वाध्याय कुणी दिला आणि कुणाचा राहिला ते लगेच दिसतं, फोनवरून कागदाचा फोटो काढून पाठवता येतो. तुमच्या एकशे ऐंशी जणांसाठी या वर्षी क्लासरूम पुरे. फक्त एक लक्षात ठेवा: विद्यापीठाच्या नियमात स्वाध्याय हाताने लिहून केंद्रावरच द्यायचा असेल, तर क्लासरूमवर दिलेला मसुदा म्हणून तपासा आणि तसं स्पष्ट लिहा. नाहीतर विद्यार्थी समजतो की झालं, दिला.

आता ऑनलाइन तास. मोफत खात्यावर झूमचा तास ४० मिनिटांत बंद होतो, मीटचा ६० मिनिटांत. दोन्हीकडे शंभर जण येतात. दोन्ही चालतील. मी मीट घेते, कारण अँड्रॉइड फोनवर गूगलचं खातं आधीच असतं. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. तुमच्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले विद्यार्थी असणार, आणि तिथली पाळी दर आठवड्याला बदलते: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. मंगळवारी रात्री साडेआठचा तास ठेवलात की दुसऱ्या पाळीतला माणूस मशीनवर उभा असतो. कुणाची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते, कुणाची नाही. म्हणून एकच तास आठवड्यात दोनदा घ्या, एकदा रात्री साडेआठला आणि एकदा सकाळी नऊला. पहिल्या आठवड्यात ज्याला रात्र जमते, त्याला पुढच्या आठवड्यात सकाळ जमते. सकाळच्या तासाला सहाच जण आले तरी घ्या. ते सहा जण रात्रपाळी करून, अंघोळ करून बसलेले असतात.

तासात काय करायचं? पुस्तक वाचून दाखवायचं नाही, ते त्यांच्याकडे आहे. मी ४० मिनिटांतली २० एकाच अडलेल्या मुद्द्यावर देते आणि उरलेली २० त्यांच्यासाठी ठेवते. पण ‘काही शंका?’ विचारलं की पडद्यावर सगळे म्यूट. या शांततेला घाबरून आपण परत बोलायला लागतो. त्यापेक्षा तासाच्या आदल्या दिवशी लहान ग्रुपमध्ये एक प्रश्न टाका आणि दोघांना नावाने सांगा की उद्या हे तुम्ही सोडवून दाखवायचं. परवाच्या तासाला तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये हिशेबाचं काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खरेदी किती बदलते, ते समजावलं. कांद्याचा भाव चढला तर घरातलं गिऱ्हाईक किती घेतं आणि वडापाववाला किती घेतो, हे त्याने रोजच्या वहीतल्या आकड्यांवरून सांगितलं. मागे टेम्पो रिव्हर्स घेतल्याचा आवाज येत होता, तो दोनदा थांबून म्हणाला, ‘मॅडम, गाडी लागतेय, एक मिनिट.’ घटक ३ त्या दिवशी सगळ्यांना कळला. माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात मी इतकं नेमकं उदाहरण दिलं नव्हतं.

व्हिडिओ चालू ठेवायची सक्ती करू नका. डेटा जातो हे एक कारण, दुसरं कारण घर. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतात, तिथे कॅमेरा लावायला सांगणं म्हणजे विद्यार्थ्याच्या घरात न विचारता शिरणं आहे. आवाज पुरतो. तासाची लिंक फक्त आपल्याच ग्रुपमध्ये टाका आणि आत घेणं आपल्या हातात ठेवा. २०२० मध्ये अनोळखी लोक घुसून अश्लील काहीतरी दाखवायचे, तो प्रकार अजून पूर्ण थांबलेला नाही.

रेकॉर्डिंग यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून ठेवते, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतं. पण आख्खा तास तसाच टाकला तर कुणी बघत नाही. दहा-बारा मिनिटांचे तुकडे करा, नाहीतर निदान खालच्या माहितीत वेळा लिहा: ००:०० पासून सुरुवात करून तीन किंवा जास्त वेळा लिहिल्या की यूट्यूब आपोआप प्रकरणं पाडतं. ज्याला फक्त ताळेबंद बघायचाय तो थेट तिथे जातो. आणि व्हॉइस नोटला कमी समजू नका. तीन मिनिटांच्या व्हॉइस नोटला डेटा जवळजवळ लागत नाही, गर्दीत उभं राहून कानात घालून ऐकता येते, आणि ज्यांना लांब मजकूर वाचायची सवय राहिलेली नाही त्यांना ती पत्रासारखी वाटते. पंधरा वर्षांनी पुन्हा शिकायला आलेल्या बाईला शिक्षकाचा आवाज ऐकून जो धीर येतो तो टाइप केलेल्या चार ओळींनी येत नाही. मी दर घटकाला एक अशी नोट पाठवते: यात काय सोपं आहे, कुठे अडेल, कोणतं उदाहरण दोनदा वाचावं.

नोट्सच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट, जी फार थोडे शिक्षक पाहतात. आपल्याकडच्या अनेक जुन्या मराठी नोट्स युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. पडद्यावर त्या नीट दिसतात, पण पीडीएफमध्ये ‘भांडवल’ शोधायला गेलात तर काही सापडत नाही, आणि कॉपी केलं तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. जे विद्यार्थी डोळ्यांनी बघू शकत नाहीत आणि फोनकडून वाचून घेतात, त्यांना तर ती पूर्ण बंद. माझ्याकडच्या एका अंध विद्यार्थ्याने मला हे दाखवलं. त्याचा फोन माझ्या नोट्स वाचताना ‘के, शिफ्ट, स्लॅश’ असं काहीतरी बोलत होता आणि तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, असं येतं.’ त्या उन्हाळ्यात मी सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या, बऱ्याचशा फोनवर मराठीत बोलून. वहीच्या पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफचंही तसंच; फोटो टाकायचाच असेल तर सोबत व्हॉइस नोट द्या. आणि फाइलचं नाव ‘अर्थशास्त्र घटक ३’ असं ठेवा. ‘फायनल न्यू २’ नावाची फाइल परीक्षेच्या आदल्या रात्री कुणालाही सापडत नाही.

परिपत्रकांबद्दल कडक राहा. दर पावसाळ्यात, रस्ते भरले की परीक्षा पुढे ढकलल्याचं परिपत्रक फिरतं. बऱ्याचदा ते खरंच असतं, फक्त दोन वर्षांपूर्वीचं असतं. तारखेचा भाग फॉरवर्ड करता करता कुणीतरी कापलेला. माझा एक विद्यार्थी अशा कागदावर विश्वासून घरी बसला आणि त्याचा पेपर गेला. तेव्हापासून सूचनांच्या ग्रुपवर वर एकच गोष्ट पिन केलेली असते, विद्यापीठाच्या संकेतस्थळाची लिंक, आणि वाक्य: ‘परीक्षेची तारीख इथेच बघायची.’ पिन तीस दिवसांनी निघते, महिन्याच्या एक तारखेला परत लावते. मी स्वतःही परिपत्रकाचा फोटो टाकत नाही, लिंक टाकते.

आता माझ्या कामाचा गाभा, आणि तो कुठल्याच ॲपमध्ये नाही. जांभळी नाक्यावरून आणलेली एक लांब, रेघा मारलेली वही आहे. डावीकडे नावं, वर आठवड्यांच्या तारखा. दर रविवारी मी गूगल फॉर्म पाठवते, एकाच प्रश्नाचा: ‘या आठवड्यात कुठे अडलात?’ ‘काही वाचलं नाही’ हेही उत्तर चालतं, किंबहुना तो पर्याय मी सगळ्यात वर ठेवलाय, म्हणजे खोटं लिहायची गरज पडू नये. फॉर्म भरला, संपर्क सत्राला आला, ग्रुपवर बोलला, स्वाध्याय दिला, यांतलं काहीही एक झालं की त्या चौकोनात टिंब. सलग दोन चौकोन कोरे दिसले की बुधवारी फोन. एवढंच. तक्ता संगणकावरही ठेवता येईल, पण वही मी गॅसपाशी उभी राहूनही उघडते, आणि कोरा चौकोन कागदावर जास्त खुपतो. एकशे ऐंशी जणांची वही एकट्याने होणार नाही. तुम्ही आणि संमंत्रक मिळून तीस-तीस नावं वाटून घ्या.

फोनवर पहिलं वाक्य ‘स्वाध्याय का दिला नाही?’ हे नको. ते ऐकलं की पलीकडचा माणूस पुढच्या वेळी फोन उचलत नाही. मी म्हणते, ‘दोन आठवडे तुमचं काही कळलं नाही, म्हणून केला. घरी सगळं ठीक?’ मग थांबते. नोकरी सुटलेली असते, गावी जावं लागलेलं असतं, पाचवा महिना चालू असतो, रिचार्ज संपलेला असतो. कधी नवऱ्याला आवडत नसतं, ते बाई सांगत नाही, पण मागून आवाज येतो त्यावरून कळतं. अशा वेळी पूर्ण अभ्यास पकडायला सांगू नका. एक छोटी, पुरी होण्यासारखी गोष्ट द्या: ‘या आठवड्यात घटक २ ची फक्त शेवटची चार पानं वाचा, शनिवारी मी परत विचारते.’ आणि शनिवारी खरंच विचारा. या दुसऱ्या फोनवर परत येणारे विद्यार्थी पहिल्या फोनवर येणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, हे मी वहीत पाहिलंय. सगळे परत येत नाहीत. काहींना त्या वर्षी खरंच जमणार नसतं. त्यांना नोंदणी किती वर्षं टिकते आणि पुढच्या वर्षी कुठून सुरू करता येईल ते सांगून ठेवा, म्हणजे दार उघडं राहतं.

रात्री साडेअकराच्या मेसेजचं विचारलंत. दुसऱ्या पाळीचा माणूस अकराला सुटतो, साडेअकराला स्टेशनवर असतो. त्याला तेव्हाच फोन हातात मिळतो, म्हणून तो तेव्हाच लिहितो. त्याला लिहू द्या. ‘रात्री दहानंतर मेसेज करू नये’ असा नियम मी कधी केला नाही. मी फक्त माझ्या उत्तराची वेळ सांगितलेली आहे. रोज रात्री नऊ ते साडेनऊ, रविवारी नाही. त्या अर्ध्या तासात सगळ्या लहान ग्रुपमधले प्रश्न संपवायचे. ज्याचं उत्तर लगेच येत नाही तिथे ‘बघून उद्या सांगते’ एवढं तरी लिहायचं. रविवार सोडला तर चोवीस तासांच्या आत प्रत्येक प्रश्नाखाली काहीतरी लिहिलेलं असतंच, हे विद्यार्थ्यांना एकदा कळलं की रात्रीच्या मेसेजमधली घाई जाते. तुम्ही तरुण आहात, उत्साहाने रात्री बारालाही उत्तर द्याल, आणि डिसेंबरपर्यंत दमून फोन उलटा ठेवायला लागाल. उशिरा मिळणाऱ्या उत्तरापेक्षा अशी अचानक आलेली शांतता विद्यार्थ्यांना जास्त बोचते.

या रविवारी तुमचं पहिलं संपर्क सत्र असेल तर ग्रुपची लिंक फळ्यावर लिहायच्या आधी एक कागद फिरवा आणि चार गोष्टी विचारा: फोन स्वतःचा की घरातला सगळ्यांचा, पाळी कोणती, फोन करायची बरी वेळ कोणती, आणि फोन उचलला नाही तर कुणाला विचारायचं. शेवटच्या रकान्यात कुणाचं नाव लिहितात ते नीट बघा. माझ्याकडे बरेच जण तिथे वर्गातल्या शेजाऱ्याचं नाव लिहितात, ज्याला ते त्याच दिवशी पहिल्यांदा भेटलेले असतात. लहान ग्रुप पाडताना त्या दोघांना एकत्र ठेवा.